दुसऱ्या गंजातली खीर

माझ्या मोठ्या बहिणीचा डावा पाय गुडघ्याच्या खाली नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे आडवळणाला लागलो तरी वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील की मी कशाबद्दल बोलतो आहे.

पाय एका बाटलीमुळे गेला असं कोणताही डॉक्टर म्हणालेला नाही. बहीण शुगरच्या गोळ्या चुकवायची. लग्नसराईत तर आठ-आठ दिवस घ्यायची नाही. नवी चप्पल चावली तर कापूस कोंबून तीच घालून फिरायची. ही सगळी कारणं माझ्या उपयोगाची आहेत आणि दोन वर्षं मी ती वापरली. आता वापरून वापरून झिजली.

मी चिखलीत राहतो. वयाची पन्नाशी जवळ आली. एका खाद्यपदार्थांच्या कंपनीचा माल गावोगावच्या दुकानांत पोचवायचा आणि पुढची मागणी घेऊन यायचं, हे माझं काम. टोस्ट, क्रीमची बिस्किटं, टोमॅटो सॉस, जॅम, उन्हाळ्यात सरबताच्या बाटल्या. एक दिवस देऊळगावकडचा रस्ता, एक दिवस दुसरबीड, बाजाराच्या दिवशी धाड. मी बोलका माणूस नाही. विकणारा माणूस बोलका असावा लागतो असं लोक समजतात, पण ते तसं नाही. दुकानदाराला त्याच्या घरचं बोलू द्यावं, आपण हूं हूं करावं, माल उतरतो. गप्प बसण्यावर माझं पोट चाललं असं म्हटलं तरी चालेल.

सहा-सात वर्षांपूर्वी कंपनीनं एक नवीन बाटली काढायचं ठरवलं. मक्याचा गोड पाक. पारदर्शक, मधासारखा दाट, चव जरा सपाट. खरं तर हा पाक आमच्या मालात आधीपासून होताच. सॉसमध्ये होता, जॅममध्ये होता, बिस्किटांच्या क्रीममध्ये होता. पुड्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिक्विड ग्लुकोज, कॉर्न सिरप असं काही लिहिलेलं असायचं आणि ते मीही कधी वाचलं नव्हतं. आता तोच पाक घरात वापरायला म्हणून वेगळा विकायचा होता. त्याआधी लोकांना काय वाटतं ते कळायला हवं, म्हणून आम्हा फिरत्या माणसांना फॉर्मांचा एकेक गठ्ठा दिला. ‘रोजच्या खाण्याच्या वस्तूंत मक्यापासून केलेला गोड पदार्थ असेल तर आपले मत काय?’ खाली तीन चौकोन. चांगले. वाईट. माहीत नाही. योग्य तिथं खूण करायची.

ते दिवस मला आठवतात, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांना काही विकत नव्हतो, विचारत होतो. आणि लोक भरभरून बोलत होते.

दुसरबीडजवळ एका मळ्यात मका सोलत बसलेल्या माणसानं कणीस माझ्यासमोर धरलं. “याच्यातून पाक निंगते? पिळून दाखव बरं.”

मी म्हटलं, “कारखान्यात काढतात, काका.”

“म्हंजे आमच्या मक्याले भाव नाही, अन् त्याचाच चिकटा काढून आमालेच चाटवता. लिव, हे लिव.”

फॉर्मवर लिहायला जागा नव्हती. मी ‘वाईट’वर खूण केली. तेवढ्यात त्याची बायको आतून म्हणाली, “गोड हाये का पर?” मी हो म्हटलं. “मंग कर चांगल्यावर,” ती म्हणाली. नवराही हसला. मी खूण बदलली.

चिखलीतल्या एका मास्तरांनी मोबाईल काढून मला अर्धा तास काहीबाही वाचून दाखवलं. परदेशात म्हणे लोक यानंच फुगले. मग त्यांनीच आमच्या बिस्किटांचा पुडा फोडला आणि चहात बुडवून खाल्ला. त्यांची सून दारातून म्हणाली, “मामा, त्याच्यावरबी तेच लिहेल असन.” मास्तर म्हणाले, “ते वेगळं.” एका दुकानदारानं तर मला वेड्यात काढलं. “अबे, गिऱ्हाईक पुड्याची मागची बाजू पाह्यते का कधी? समोरचं चित्र पाह्यते अन् किंमत पाह्यते.” एका तरुण आईनं पुडा डोळ्यांजवळ नेऊन मागची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. म्हणाली, “मुंग्या चालल्यावानी लिहेल हाये. तुमीच सांगा, वाईट हाये का?” मी म्हटलं, मी सांगायचं नसतं, तुम्ही सांगायचं.

पण एक उत्तर पुन्हा पुन्हा यायचं, गाव कोणतंही असो. मका आपल्या शेतातला. कणसं खाऊन आपण वाढलो. साखर कारखान्यात होते, तिच्यात काय काय मसाला टाकतात कोण जाणे. साखरेनं शुगरची बिमारी होते, मक्यानं कशी होईल? म्हणजे हे साखरेपेक्षा बरं. म्हाताऱ्या माणसांना तर याची एवढी खात्री की तेच मला समजावून सांगायचे.

धाडला एक बेकरीवाले चाचा होते. आमचे टोस्ट ठेवायचे नाहीत, स्वतःचे करायचे, पण येता-जाता चहा पाजायचे. त्यांनी फॉर्म वाचला आणि हसले. “ये तो हम बरसों से डालते, भाऊ. नानकटाई नरम राहते. शक्करच आहे ते. उसाची काय न मक्याची काय, पोटाले काय समजते? माझ्या अब्बाले शुगर होती, मी त्याइले याचा एक थेंब देत नव्हतो.”

मी विचारलं, “मग चांगले करू की वाईट?”

“माल चांगला आहे. शुगरवाल्याले जहर आहे. अब तुम्हारे कागज में जो बैठे, करो.”

कागदात काहीच बसत नव्हतं. मी ‘माहीत नाही’वर खूण केली. सबंध गठ्ठ्यात ज्या एका माणसाला नक्की माहीत होतं, त्याच्या नावापुढे मी ‘माहीत नाही’ लिहून दिलं. तेव्हा ती फक्त गैरसोय वाटली होती.

पुढे चिखलीत एका हॉलात बैठक झाली. वरचे साहेब आले होते. म्हणाले, लोकांना हे साखर नाही असं वाटतं, हे आपलं भाग्य समजा. आपण कुठेही खोटं बोलायचं नाही. बाटलीवर ‘उसाच्या साखरेशिवाय’ एवढंच लिहू, आणि ते खरंच आहे. लोकांना जे वाटतं ते वाटू द्या, तुम्ही फक्त ‘नाही’ म्हणू नका. मग समोसा आणि चहा. हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला हायसं वाटलं होतं, हे मी लपवत नाही. ‘नाही’ न म्हणणं हे तर माझं जन्माचं काम.

आता बाईबद्दल. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणतो, ती मला बापू. धाडच्या अलीकडे फाट्यावरून आत तिचं गाव. नवरा लवकर गेला. मुलगी लग्न होऊन जालन्याकडे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून ती किती वर्षं लेकरांची खिचडी शिजवत आली, त्यामुळे गावातल्या बायका खाण्यापिण्याचं तिलाच विचारायच्या. लेकरू जेवत नाही, सुनेला दूध येत नाही, हळद कोणती घेऊ. विहारात काही कार्यक्रम असला की चुलीपाशी तीच. वैशाखातल्या पौर्णिमेची खीर तर तिच्याशिवाय कोणी चढवायचं नाही.

आणि तिलाच शुगर निघाली. गोडाची तिला लहानपणापासून ओढ. गूळ चोरून खाताना आईचा मार तिनं किती खाल्ला त्याला गणती नाही. शुगर निघाल्यावर तिनं एका दिवसात सोडलं. चहा बिनसाखरेचा. खीर स्वतः करायची, चमचाभर हातावर घेऊन चाखायची आणि तोंड धुऊन टाकायची. पाच-सहा वर्षं तिनं हे पाळलं. तोंड धुताना तिची पाठ आमच्याकडे असायची.

बाटली बाजारात आली त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो. पिशवीत नमुन्याच्या दोन बाटल्या होत्या. मी मुद्दाम नेल्या होत्या की नुसत्या पिशवीत राहिल्या होत्या, हे मला आज सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे मुद्दाम नेल्या असाव्यात. तिनं एक बाहेर काढली, उजेडाकडे धरली.

“हे काय हाये, बापू?”

“मक्याचा पाक. नवीन आला.”

“साखर नाही का याच्यात?”

“मक्याचं आहे,” मी म्हटलं.

“म्हंजे मले चालते?”

चुलीवर चहा उकळत होता. धाडच्या चाचांचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. हे मी आज जुळवून लिहीत नाही. त्या क्षणी होतं, नानकटाईच्या वासासकट होतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवलं नाही, असं मी स्वतःला पुढे किती वेळा सांगितलं. ते खरं असेल. पण बाटली खपायला हवी होती आणि तो महिना मंदा होता, हेही तेवढंच खरं आहे.

“चालते,” मी म्हटलं.

तिनं चहात दोन चमचे पाक घातला. फुंकर मारून बशीनं प्याली. नंतर बशी तशीच हातात धरून बसली. मग म्हणाली, “सपाट लागते रे. पर गोड हाये.”

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. दुकानदार नवीन माल ठेवताना कांकूं करतात. “कोन घेते बे हे?” म्हणतात. अशा वेळी मी पहिल्यांदाच आपणहून बोलायला लागलो. “माझ्या सख्ख्या बहिणीला शुगर आहे. ती रोज चहात घेते. काही नाही झालं.” हे वाक्य चालायचं. दुकानदार बाटल्या ठेवून घ्यायचा. एक-दोघांनी तर आपल्या आईसाठी म्हणून आधी घरी नेल्या. मेहकरपासून धाडपर्यंत किती दुकानांत मी बहिणीला उभं केलं, ते मलाच माहीत. तिला ते कधी कळलं नाही. मी तिला फुकट बाटल्या पोचवत होतो, आणि गावात ती सांगायची, भाऊ असावा तं असा.

त्या साली वैशाखी पौर्णिमेला मी तिच्या गावी होतो. सकाळी वंदना झाली. विहाराच्या मागं पत्र्याखाली तीन दगडांवर गंज चढवला होता. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. पण या वेळी शेजारी एक दुसरा, लहान गंज होता. बाई दोन्हीत पळी फिरवत होती.

मी विचारलं, “हा कशाला?”

“शुगरवाल्यायचा,” ती म्हणाली. “किती वर्सं लोकायनं वाटी पालथी घालून बसावं? पाहून राह्यलो ना आपन. पौर्णिमेचं गोड अन् तोंड कडू.”

साखरेच्या जागी तिनं पाक ओतला होता. रिकाम्या बाटल्या भिंतीला ओळीनं लावलेल्या. त्या माझ्याच होत्या, मीच पोचवलेल्या. बायका थट्टा करत होत्या.

“दुसऱ्या गंजात काजू जास्त पडले वं. मलेबी आता शुगर झाली पायजे.”

“व्हईन, व्हईन. घाई नको करू.”

“बाई, याले अजून एक वाटी दे. याची बायको तं घरी चहाबी फिका देते.”

मग पंगत बसली आणि दोन ओळी झाल्या. दुसरी ओळ भिंतीकडेला. निवृत्त तलाठी, गिरणीवाला, दोन-तीन म्हाताऱ्या, बाईच्याच वयाच्या काही बायका. ज्यांना वर्षानुवर्षं कोणी गोड वाढलं नव्हतं ते लोक. एक म्हातारी वाटी दोन्ही हातांनी धरून खात होती आणि मध्येच बाईकडे बघून मान हलवत होती. पाकाबद्दल मला कोणी विचारलं नाही. मी पहिल्या ओळीत बसून साखरेची खीर खाल्ली.

तीन वर्षं दोन गंज चढले. आजूबाजूच्या दोन गावांतल्या विहारांतही चढायला लागले, असं बाई मला आनंदानं सांगायची.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या अंगठ्याला चप्पल चावली. तिनं हळद भरली. गोड आपण खात नाही, मग जखम भरेलच, या भरवशावर राहिली. शुगर तपासायला पूर्वी दर दोन-तीन महिन्यांनी धाडला जायची, तेही तिनं सोडलं होतं. “काऊन जाऊ? साखर सोडून किती वर्सं झाले मले.” अंगठा काळा पडला तेव्हा शेजारणीनं मला फोन केला. मी जीप करून तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी रक्ताचा कागद पाहिला आणि विचारलं, “गोड किती खाता, मावशी?”

“गोड? साहेब, साखरेचा कण नाही पोटात. इचारा माह्या भावाले.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो. साखर नाही खात.”

हे वाक्य मी बोललो. वाक्य खरं होतं. साहेबांनी हॉलमध्ये शिकवलं होतं तसंच खरं.

“चहा बिनसाखरेचा?”

“मक्याच्या पाकाचा घेतो ना मी,” बाई म्हणाली. तिच्या आवाजात जरा तोरा होता, जसं एखादं लेकरू घरचा अभ्यास दाखवतं. “दोन टाइम. अन् सनावाराले खीर.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तिला सावकाश, मराठीत, सगळं सांगितलं. ती साखरच आहे, मावशी. मका असो की ऊस. अंगात गेल्यावर तेच. बाई ऐकत होती. पलंगाच्या कडेला धरलेली तिची बोटं हलत नव्हती. मी खिडकीकडे बघत होतो आणि मला माहीत होतं की आता ती माझ्याकडे वळेल. ती वळली.

“आयकलं का, बापू? तुलेबी फसवलं कंपनीवाल्यायनं.”

डॉक्टर बाहेर गेले होते. खोलीत आम्ही दोघंच. बाजूच्या पलंगावरचा म्हातारा झोपलेला. यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. बाई, मला कोणी फसवलं नाही. मला धाडच्या चाचांनी आधीच सांगितलं होतं. मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो आणि तुझं नाव सांगून माल विकला. तीन वाक्यं. मी ती आज लिहून पाहिली, लिहायला पाच मिनिटं लागली नाहीत.

मी म्हटलं, “पाणी देऊ का?”

आधी अंगठा काढला. मग दोन बोटं. मग महिन्याभरात गुडघ्याखालून. ती दवाखान्यात असताना मी रोज डबा घेऊन जायचो, चिखलीहून सकाळच्या एसटीनं. लोक म्हणायचे, असा भाऊ पाहिला नाही.

नोकरी मी सोडली नाही. कंपनीत एवढंच म्हटलं की ती बाटली माझ्या रस्त्यावर नको. ती दुसऱ्या माणसाकडे गेली, आणि त्यानं माझ्यापेक्षा जास्त खपवली. सॉस आणि बिस्किटं मी अजून पोचवतो. आता पुड्याची मागची बाजू मला पाठ आहे. काही दुकानदार अजून विचारतात, “भाऊ, तुमची बहीण घेत होती ना तो पाक? आमचं गिऱ्हाईक तेच सांगते आता, मक्याचं चालते म्हनून.” कुठल्या तरी गावात कुठली तरी बाई कुठल्या तरी म्हातारीला हे सांगत असते, तेव्हा ते वाक्य माझं असतं. मला ते ओळखू येतं. एका दुकानात मी धीर करून म्हटलं, तसं नाही, तीही साखरच असते. दुकानदार म्हणाला, “आता दुसरा मानूस विकते म्हनून तुमी असं बोलता काय?” आणि हसला. मीही हसलो.

बाईला सांगायचा मी आणखी एकदा प्रयत्न केला. लाकडी पाय बसवून बुलढाण्याहून परत येत होतो. भाड्याची गाडी, ड्रायव्हर कानात वायर घालून. हतेडीच्या पुढे मी म्हटलं, “बाई, तुला एक सांगायचं होतं. त्या बाटलीचं.”

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “नको काढू रे ते. तुह्या जिवाले किती लागलं ते मले दिसत नाही का? दवाखान्यात कसा हडकला तू. तुले ठाऊक असतं तं तू दिलं असतं का मले?”

ती उत्तराची वाट पाहत नव्हती. तिच्यासाठी तो प्रश्नच नव्हता. ती बाहेर बघायला लागली आणि थोड्या वेळानं म्हणाली, “हरभरा चांगला हाये इकडं.”

मी म्हटलं, “हो.”

या वर्षी वैशाखी पौर्णिमेला तिनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, मले विहारात नेऊन घाल, चालनं जमत नाही. मी तिला हाताला धरून नेलं, मागच्या पत्र्याखाली खुर्चीवर बसवलं. चुलीपाशी आता दुसऱ्या बायका होत्या. दोन गंज चढलेले. भिंतीशी बाटल्या.

बाईनं ते पाहिलं. “हा काऊन चढवला? मी सांगतलं होतं ना निरोपानं. तेबी साखरच हाये. माहा पाय पाहून राह्यले ना तुमी?”

पळी फिरवणारी बाई थांबली नाही. “तुहा पाय चपलीनं गेला, बाई. सगळ्या गावाले ठाऊक हाये.”

“डॉक्टरनं मले समोर बसून सांगतलं.”

“डॉक्टर तं मीठबी बंद करते. भातबी बंद करते. मंग मानसानं खावं काय?”

भिंतीपाशी बसलेली एक म्हातारी, तीच दोन्ही हातांनी वाटी धरणारी, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “तीन वर्सं तूच वाढली वं माय. तवा चाललं. आता तुह्या तोंडचं गेलं तं आमच्या तोंडचंबी काढतं का?”

बाईचा चेहरा मी पाहिला. खाण्यापिण्यात तिचा शब्द शेवटचा असायचा. तिच्या ध्यानात तेव्हा ते आलं असावं. दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक वाटीत तिनं स्वतःच्या हातानं वाढलं होतं. तिनं एकेका चेहऱ्याकडे बघायला सुरुवात केली. तलाठ्यांची जागा रिकामी होती, ते मागच्या पावसाळ्यात वारले. कशानं वारले ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मग एक तरुण सून, जरा शिकलेली, माझ्याकडे वळली. “मामा, बाटल्या तं तुमी आनत होते. कंपनीतच हाये ना तुमी? तुमाले ठाऊक असन. साखर हाये का नाही?”

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. पळीही थांबली.

मी म्हटलं, “साखरच आहे.”

“मंग तवा ठाऊक नव्हतं का तुमाले?”

प्रश्नात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी हो म्हटलं असतं, तर त्या चुलीपाशी सगळ्यांचा विश्वास बसला असता. तेवढंच एक असं होतं की ज्यानं बाईचं म्हणणं खरं ठरलं असतं. मला ठाऊक होतं, मी लपवलं, हिचा काही दोष नाही. गंज खाली उतरला असता. माझं जे व्हायचं ते झालं असतं, पण तिचा शब्द तिला परत मिळाला असता.

माझ्या आधी बाई बोलली.

“त्याले काय ठाऊक? तो तं साधा मानूस. लोकायची मतं इचारत गावोगाव फिरे. त्यालेबी फसवलं कंपनीनं. त्याले कोनी काई बोलू नका.”

आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “हाव ना, बापू?”

मी मान डोलावली.

बायकांच्या नजरा माझ्यावरून निघाल्या. शिकलेली सून म्हणाली, “कंपनीवाल्यालेच तवा ठाऊक नव्हतं, तं डॉक्टरले तरी काय ठाऊक?” कोणी तरी हसलं. म्हातारी म्हणाली, एक दिवसाचं काय होते, वर्साचा सन हाये. पळी पुन्हा फिरायला लागली.

पंगत बसली. वाढायला माणसं कमी पडत होती, म्हणून लहान गंजातली पळी कोणी तरी माझ्या हातात दिली. बाई खुर्चीवर होती, पदर तोंडाशी धरून, भिंतीकडे तोंड करून. मी भिंतीकडेच्या ओळीत वाकत वाकत गेलो. म्हातारीनं वाटी पुढे केली. अर्धीच घातली तर म्हणाली, “भर ना रे बापा, हात काऊन आखडतं?”

मी भरली.